पत्ता : पुलाखाली, सातवा खांब

१९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. तोवर क्षय म्हटला की सॅनिटोरियम आलंच. आपल्याकडे मिरज, औंध, पाचगणी. मोकळी हवा, वेळेवर दूध-अंडी, दुपारची सक्तीची विश्रांती, आणि मागे राहिलेला संसार. ज्याला खाट मिळाली तो गेला, बाकीचे घरातच खोकत बसले. खाटा अर्थातच कधीच पुरल्या नाहीत.

मद्रासच्या डॉक्टरांनी १९३ गरीब रुग्ण घेतले. काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर. घर म्हणजे काय, तर मद्रासच्या दाटीच्या वस्त्यांमधली एखादी खोली, त्यात सगळं कुटुंब, आणि पोटाला जे मिळेल ते. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि भलेभले चक्रावले. सॅनिटोरियमवाल्यांना खाणं चांगलं, आराम जास्त, शुश्रूषा उत्तम, तरी बरे होण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. पुढे काही वर्षं घरच्या माणसांवरही लक्ष ठेवलं. रुग्ण घरात राहिला म्हणून त्यांना जास्त लागण झाली, असंही आढळलं नाही. औषध नियमित पोटात गेलं की बाकीच्या थाटाची गरज नाही, हे गरीब देशांच्या दृष्टीने केवढं मोठं होतं! जगभरातली सॅनिटोरियमं त्यानंतर हळूहळू ओस पडली. ज्या केंद्रात हे काम झालं तीच आज चेन्नईतली राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था.

या प्रयोगाचं मला मनापासून कौतुक आहे. फुकाचा अभिमान आपण कशाकशाचा बाळगतो, हा खरा बाळगण्याजोगा आहे. पण रात्री पुलाखाली बेघरांच्या टीबी तपासणीचे फॉर्म भरताना मला नेहमी तोच आठवतो आणि जरा रागही येतो. त्या दिवसापासून टीबीच्या उपचाराचा अख्खा डोलारा एका गोष्टीवर उभा राहिला. रुग्णाला घर आहे, हे गृहीत धरलं गेलं. घर कितीही फाटकं असो, त्यात गोळ्या ठेवायला फळी असते, आठवण करायला कुणीतरी असतं, आणि दवाखान्याची ताई शोधत आली तर दार असतं.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे फॉर्मची भीती वाटत नाही आणि अक्षर बरं आहे. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर मी जाते, तेव्हा फॉर्म माझ्याकडे असतात. रात्री दहानंतर जावं लागतं. दिवसा या जागेवर कुणी नसतं. कुणी नाक्यावर, कुणी सिग्नलला गजरे विकत, कुणी भंगार वेचत, कुणी कॅटररकडे भांडी घासायला. रात्री माणसं परततात, कठड्याला बांधलेली बोचकी सोडतात, पुठ्ठे अंथरतात, आणि मग आम्ही.

२०११ च्या जनगणनेने मुंबईत सत्तावन्न हजारांच्या आसपास बेघर मोजले. ज्यांनी ती मोजणी पाहिली आहे त्यांचा या आकड्यावर फारसा विश्वास नाही. दिव्याच्या खांबाखाली झोपलेला दिसतो, ट्रकच्या खाली झोपलेला दिसत नाही. मुंबईत टीबीचे रुग्ण वर्षाला साठ हजारांच्या आगेमागे नोंदले जातात. या दोन आकड्यांचा एकमेकांशी किती संबंध आहे, हे सांगणारा तिसरा आकडा मला तरी कुठे सापडलेला नाही.

तपासणीचं तंत्र मात्र आता फार पुढे गेलंय. पूर्वी विचारायचो : दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? ताप? वजन कमी झालंय? रात्री घाम? फुटपाथवर या प्रश्नांना काय अर्थ? मे महिन्यात पुलाखाली कुणाला घाम येत नाही? खोकला तर सगळ्यांनाच, कारण डोक्यावरून आणि बाजूने चोवीस तास गाड्या. वजन कमी झालंय का हे कळायला आधी कधीतरी वजन केलेलं असावं लागतं. शिवाय २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निव्वळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. लक्षणं विचारून थांबले असते तर ते सुटलेच असते.

म्हणून आता एक्स-रेचं मशीन हातात मावेल असं निघालंय. जुन्या जाडजूड कॅमेऱ्यासारखं दिसतं. माणूस तीन पावलं दूर उभा करायचा, पाठीमागे पाटीसारखं डिटेक्टर लावायचं, एक क्लिक. डिटेक्टर कुठे लावायचं हा पुलाखाली मोठाच प्रश्न. आमच्या टेक्निशियन मुलाने सामानाचे पट्टे खांबाभोवती गुंडाळून ते टांगायची युक्ती काढली. फोटो लॅपटॉपवर येतो, संगणक मिनिटभरात शंका आहे की नाही ते सांगतो. संगणकाच्या या वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. मग शंका असलेल्यांचाच बेडका घ्यायचा आणि तो मॉलेक्युलर चाचणीला, म्हणजे जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीला पाठवायचा. त्यातलं ट्रूनॅट हे मशीन तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं. बॅटरीवर चालतं, एसी लॅब लागत नाही, तास-दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही कळतं.

तेव्हा मशीनची तक्रार नाही. अडतं ते मशीनच्या अलीकडे आणि पलीकडे.

अलीकडे म्हणजे गाडी. आम्ही पहिल्यांदा पांढऱ्या बंद गाडीतून गेलो तर अर्धा पूल रिकामा. पोरं काखोटीला मारून बायका रस्त्यापलीकडे. कारण त्यांच्या ओळखीच्या गाड्या दोनच. एक अतिक्रमणवाल्यांची, जी बोचकं उचलून नेते. दुसरी भिकाऱ्यांना धरणारी. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे आणि चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाचं नाव पुलाखालच्या लहान पोरालाही माहीत असतं. (बघा, तेच १९५९ साल. मद्रासला घरच्या घरी उपचार सिद्ध झाले, त्याच सालाचं नाव लावून मुंबईला घर नसणाऱ्यांना पकडायचा कायदा आला.) तेव्हापासून गाडी लांब लावायची आणि आधी एकट्या मावशींनी पुढे जायचं, असं ठरलं. मावशी स्वतः पूर्वी फुटपाथवर राहिलेल्या, टीबी होऊन बऱ्या झालेल्या. त्या शिव्या देऊन माणसं गोळा करतात. माझ्या विनंत्यांना जे जमत नाही ते त्यांच्या एका शिवीला जमतं.

एक बाई काही केल्या एक्स-रेला उभी राहीना. गळ्यात काळ्या मण्यांची पोत, शिवाय देवीचा टाक आणि दोन चाव्या, सगळं एका दोऱ्यात. ते काढून ठेव म्हटल्यावर म्हणाली, "ठिवू कुठं? तुमच्या गाडीत?" तिचं सगळं स्थावर-जंगम त्या दोऱ्यात होतं. शेवटी मावशींनी आपल्या दोन्ही तळहातांवर तो ऐवज धरला, बाईला दिसेल असा, आणि तिची नजर मावशींच्या हातांवर असतानाच फोटो निघाला. छाती स्वच्छ होती. तिच्या शेजारच्या खांबाला टेकून बसलेला, "मला काय झालंय" म्हणणारा माणूस मात्र शंकेचा निघाला.

त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते. परभणीकडचा, पंचेचाळिशीचा असेल. लग्नसराईत कॅटररकडे भांडी घासणार, बाकी दिवस मिळेल ते. बायको-मुलांचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. वजन ४१ किलो. फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यापाशी आम्ही दोघं थांबलो. "लिवा की, सातवा खांब," तो म्हणाला. लिहिलं. पुढचा रकाना, घरातले संपर्क. रुग्णाच्या घरच्यांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं असतं. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा. आता याच्या घरात कोण? त्याने शांतपणे विचार केला आणि सहाव्या व आठव्या खांबाची माणसं सांगितली, कारण पावसात तिघांची ताडपत्री एकच असते. साथरोगाच्या दृष्टीने उत्तर अगदी बरोबर होतं. रकान्यात मात्र 'नाते' असंही विचारलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बेडक्याचा रिपोर्ट आला. टीबी आहे, साध्या औषधांना दाद देणारा. म्हणजे नशीबच म्हणायचं. टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीच्या निक्षय पोर्टलवर नोंद झाली, नंबर मिळाला. दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. वजन ३५ ते ४९ किलोमध्ये असेल तर रोज तीन गोळ्या, एकत्रच, शक्यतो सकाळी. सरकारी, फुकट, आणि आता रोजच्या रोज; पूर्वी दिवसाआड असत, ते २०१७ पासून बदललं. दवाखान्यातल्या सिस्टरने महिन्याची पाकिटं त्याच्या हातात ठेवली आणि ती बरोबरच वागली. नियम तसाच आहे.

आता पलीकडचं. महिन्याच्या गोळ्या ठेवायच्या कुठे? बोचक्यात ठेवल्या तर अतिक्रमणवाले बोचकं नेतात. खिशात ठेवल्या तर गोळ्यांची पट्टी घामाने आणि दाबाने फाटते. उंदीर आहेतच, पाऊस आहेच. दुसरं, ही औषधं घेतली की लघवी लालसर-केशरी होते. सिस्टर ते आधी सांगतात, घरचा माणूस हसून सोडून देतो. पण लघवीला कठड्याशी, चारचौघांत उभा राहणाऱ्याचं काय? एकाला शेजारच्यांनी "रक्त पडतंय, रोग लागेल" म्हणून हाकलून दिलेलं मला माहीत आहे. तिसरं दारूचं. या गोळ्या लिव्हरला जड, दारू त्यात भर घालते, कावीळ होऊ शकते, हे सगळं खरं. पण "आधी दारू सोड, मग ये" असं एका मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर मी माझ्या कानांनी ऐकलंय. सांगणाऱ्याच्या दृष्टीने तो सल्ला होता. ऐकणाऱ्याने तो निकाल समजला आणि परत गेला नाही. दारू पिणाऱ्यालाही औषध देता येतं, फक्त लक्ष जास्त ठेवावं लागतं, लिव्हरच्या तपासण्या वेळेवर कराव्या लागतात. ते कष्ट कुणाला नको असतात.

आमच्या सातव्या खांबाने तिसऱ्याच आठवड्यात गोळ्या सोडल्या. मावशींनी त्याला फैलावर घेतलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, गोळी घेतली की भूक लागती. अशी लागती की आतडं पिळतंय. नाय घेतली तर भूकच नाय."

औषध लागू पडत होतं, म्हणून भूक लागत होती. पुस्तकात हे चांगलं लक्षण म्हणून लिहिलेलं असतं. लग्नसराई संपलेली, काम नाही, कॅटररकडचं उरलंसुरलं जेवणही नाही. अशा माणसाने ती भूक कुठे न्यायची? आणि रिकाम्या पोटी त्याच गोळ्यांनी मळमळतं, ते वेगळंच.

भूक आणि टीबी यांचं नातं जुनं आहे, पण त्याची नीट मोजदाद अलीकडे झाली. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये केलेला 'राशन्स' अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबांना दरमहा धान्य दिलं. घरातल्या माणसांना पुढे टीबी होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी खाली आलं. तांदूळ आणि डाळीने! लसीकडून एवढी अपेक्षा केली असती तरी लोकांनी समाधान मानलं असतं. सरकारची निक्षय पोषण योजना आहेच. २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पण पैसे बँक खात्यात येतात. खात्याला आधार, आधारला कागद, आणि कागद बोचक्यात. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईने हे लिहावं हा विनोदच आहे, पण केवायसी नावाच्या प्रकाराने मी जितकी माणसं काउंटरवरून परत पाठवली असतील त्यात पुलाखालची किती होती, कोण जाणे. धान्याची टोपली मिळते कुठे कुठे, 'निक्षय मित्र' म्हणजे रुग्णांना मदत करणारे देणगीदार ती देतात. कच्चा तांदूळ. शिजवायचा कशावर?

आम्ही काय केलं ते सांगते, आणि ते फार थोर नाही. पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथल्या काकांना गोळ्यांचा डबा दिला. सकाळी हा येणार, काका आधी बनपाव-चहा देणार, मग गोळ्या, मग डब्यावर चिकटवलेल्या कागदावर फुली मारणार. पैसे महिन्याला आम्ही चुकते करणार. यात नवीन काही नाही. डॉट्सच्या, म्हणजे कुणाच्या तरी देखत गोळी घ्यायच्या पद्धतीच्या, सुरुवातीच्या काळापासून शिक्षक, दुकानदार, पानवाले रुग्णांना समोर गोळ्या देत आलेत. काकांची एकच अट होती, त्यांचं नाव कुठे घालायचं नाही. टपरीवर टीबीवाला येतो कळलं तर गिऱ्हाईक तुटेल. योग्य औषध सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत माणसापासून लागण होण्याचा धोका खूप उतरतो, असं मी त्यांना समजावलं. "मला पटलं हो," ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला तुम्ही पटवणार का?" मी गप्प बसले. त्याचा कप मात्र काकांनी वेगळा ठेवला नाही, हे मी पाहिलंय.

निवारा केंद्रात का नाही ठेवला, असं वाचणारे विचारतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा. मुंबईच्या हिशोबाने सव्वाशे तरी व्हायला हवेत. त्याच्या जवळपासही आपण नाही. जे आहेत तिथे खोकणाऱ्याला दार उघडताना चालकाचे हात थरथरतात, आणि त्याला सगळाच दोष देता येत नाही. बंद हॉल, शेजारी शेजारी चटया, खिडक्या डासांमुळे लावलेल्या. टीबी हवेतून पसरतो. या बाबतीत उघडा फुटपाथ कोंदट हॉलपेक्षा बरा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे. मग शिवडीचं टीबी रुग्णालय. ते गंभीर आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी. ज्याला फक्त सहा महिने छप्पर, जेवण आणि आठवण हवी, तो रुग्णालयाच्या लेखी आजारी कमी आणि निवाऱ्याच्या लेखी आजारी जास्त. दिल्लीत यमुनेकाठी गीता घाटावर आजारी बेघरांसाठी वेगळा निवारा चालवला गेला, टीबीच्या रुग्णांनाही तिथे थारा मिळाला. काम साधंच : खाट, जेवण, गोळ्या आणि भांडायला कुणीतरी. मुंबईत प्रत्येक परिमंडळात असा एक, मोठ्या खिडक्यांचा, एवढं झालं तरी पुष्कळ होईल. मद्रासने सॅनिटोरियम मोडीत काढलं ते योग्यच होतं, पण ज्याला घर नाही त्याच्यापुरता त्यातला एखादा व्हरांडा शिल्लक ठेवायला हवा होता, असं माझं मत आहे.

लंडनलाही हा प्रश्न सुटलेला नाही, हे कळल्यावर मला उगाचच धीर आला होता. तिथे 'फाइंड अँड ट्रीट' म्हणून एक पथक आहे. एक्स-रेची गाडी घेऊन बेघरांच्या वसतिगृहांपाशी जातं. पथकात टीबीतून उठलेली, कधीकाळी रस्त्यावर राहिलेली माणसं असतात. म्हणजे आमच्या मावशीच. त्यांनी रुग्णांना स्मार्टफोन दिले आणि रोज गोळी गिळतानाचा व्हिडिओ पाठवायला सांगितलं. २०१९ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन महिन्यांत ठरलेल्या नोंदींपैकी ८० टक्क्यांहून जास्त पूर्ण करणारे व्हिडिओच्या गटात ७० टक्के निघाले, समोर बसून गोळी देण्याच्या गटात ३१. मी उत्साहाने हे मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "फोन चार्ज कुठं करतात?" लंडनच्या वसतिगृहात भिंतीला प्लग असतो. आमच्याकडे चार्जिंगचे दहा रुपये पडतात आणि झोपेत फोन जातो.

चौथ्या महिन्यात पुलाखालचं सुशोभीकरण निघालं. जाळ्या, कुंड्या, रंगवलेले खांब. माणसं पांगली. सातवा खांब गेला म्हणजे आमच्या कागदोपत्री पत्ताच गेला. काही दिवसांनी तो आपणहून टपरीवर उगवला, कारण डबा तिथे होता आणि बनपावही. आता दोन स्टेशनं पलीकडून चालत येत होता. मधल्या दिवसांत गोळ्या चुकल्या होत्या, दवाखान्यातल्या सुपरवायझरने तेवढे दिवस पुढे वाढवून दिले. त्या पोराला शंभर रुग्णांचा पाठपुरावा असतो, तरी तो एकदा पुलाखाली स्वतः येऊन गेला होता, हे इथे नोंदवते, कारण अशांचा उल्लेख कुणी करत नाही.

कोर्स पूर्ण झाला तेव्हा वजन ४८ किलो होतं. बेडका स्वच्छ. पोर्टलवर निकाल चढला. त्याने काकांना पेढे दिले. मला आणि मावशींना एकेकच, कारण आम्ही "फक्त बोलायला" होतो.

बरा झाल्यावरही पुढची दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, तपासणी व्हायला हवी असा कार्यक्रमाचा नियम आहे. बेघरांत ती विशेष गरजेची, कारण भूक आणि ताडपत्री तीच असते. सध्या तो एका रेल्वे स्टेशनबाहेर झोपतो, पावसाळ्यात कुठे असेल ते त्यालाही ठाऊक नाही. पाठपुराव्याच्या फॉर्मवर संपर्क म्हणून मी काकांचा मोबाईल नंबर लिहिलाय. काकांच्या टपरीला परवाना नाही, आणि सुशोभीकरणाचा दुसरा टप्पा त्या बाजूने यायचाय.